मस्कतचा सरवा

आसगाव, ता. पवनी
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशी,

नमस्कार. पत्र दिसलं की आधी कोण गेलं असं तू विचारशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून मी कागद घेऊन बसले ते तुझ्या फोनमुळेच. तुला कमी ऐकू येतं, तू फोन स्पीकरवर टाकतेस, आणि मग माझं बोलणं तुझ्याबरोबर केवळरामदादा, रीतावहिनी आणि ओट्यावर बसलेलं अर्धं बपेरा ऐकतं. मला जे सांगायचंय ते तुझ्याखेरीज कोणाच्या कानावर पडायला नको. तू पंचवीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिलीस, तेव्हा चार ओळींचा कंटाळा करणार नाहीस.

परवा माझं साक्षगंध झालं. गुडघ्यांमुळे तू आली नाहीस, म्हणून सांगते. सचिन भंडाऱ्याचा, तिथल्या एका खाजगी शाळेत शिक्षक. शांत माणूस आहे. लग्न १२ डिसेंबरला धरलंय. सगळं नीट चाललं होतं. पंगत बसायच्या आधी सचिनचे बाबा पुंडलिकराव हसत हसत म्हणाले की सून सहा वर्षं मस्कतच्या दवाखान्यात नर्स होती, पोतं भरून आणलं असेल. गंमतच होती ती. पण बाबा उठून उभे राहिले आणि पन्नास माणसांसमोर छातीवर हात ठेवून बोलले, "तिनं कमावलं ते या घराले लागलं. पोरीपाशी फुटकी कवडी नाही. असली तं मी लक्ष्मणराव नाही."

मावशी, बाबा खोटं बोलले नाहीत. त्यांना माहीतच नाही. दर महिन्याला घरी पाठवण्याआधी मी थोडे पैसे तिथल्या बँकेत मागे ठेवत होते, हे फक्त तुला ठाऊक आहे. घरी पाठवले त्याचा स्लॅब झाला, मंगेशभाऊचा ट्रॅक्टर झाला, त्याचं मला काही वाटत नाही. पण मागे ठेवले ते माझे. ते अजून मस्कतलाच आहेत, माझ्या एकटीच्या नावावर.

अंगठी घालताना माझा हात इतका गार होता की सचिनने हळूच विचारलं, बरं नाही का. ही गोष्ट बाहेर फुटली तर बाबा पन्नास माणसांत खोटे ठरतील आणि हे लग्न टिकेल याची खात्री नाही. आणि पैसे इकडे आणले तर ते माझे राहणार नाहीत, याची मात्र पक्की खात्री आहे.

बँकेला पत्ता म्हणून मी तुझं घर दिलंय. त्यांचं एक पत्र येईल. घरात कोणाला न दाखवता जपून ठेव. आणि सचिनला सांगू की नको, एवढं मला लिही.

तुझी,
रुचिका


बपेरा, ता. तुमसर
२१ ऑक्टोबर २०२४

चि. रुचिकास आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. मी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि ब्लाउजमध्ये ठेवलं. आमच्या सुनेने विचारलं, तर अंगणवाडीच्या पेन्शनीचं आहे म्हणून सांगितलं. त्या पेन्शनीची वाट मी इतकी वर्षं पाहते आहे की कोणी पुढे विचारत नाही.

पोरी, तू चोरी केल्यासारखी काहून घाबरतेस? तुझ्या आईच्या आणि माझ्या माहेरी एक रीत होती. धान कापून भारे खळ्यावर गेले की शेतातल्या बांधीत पडलेल्या लोंब्या पोरींनी वेचायच्या. तो सरवा. सरव्याचं धान घरच्या धानात मिसळत नसत. ते त्या पोरीचं. ते विकून तिने काय केलं हे बापही विचारत नसे. तुझ्या आईने त्याचे पायातले तोरडे घेतले आणि ते वाजवत तुझ्या बापाच्या घरी आली. मी पैसेच ठेवले, आणि मला नाही वाटत कोणाला त्यांचा आवाज आला.

मस्कतचं खातं म्हणजे तुझा सरवा आहे. घरचं धान तू घरी दिलंस, खाली पडलेलं वेचलंस. यात तुझ्या बापाचं बोलणंही खोटं पडत नाही, कारण सरव्याची गणती घरच्या धानात नसतेच.

सचिनला सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज त्याला कळलं की उद्या त्याच्या आईला कळेल आणि परवा पुंडलिकरावांना. मग आहेच, हे करायचंय आणि ते करायचंय. बँकेचं पत्र अजून आलेलं नाही. आलं की मी त्याला अशा जागी ठेवीन की मुंगीलाही सापडणार नाही.

हळद लावून घेताना कपाळाला आठ्या नकोत. फोटोत कायमच्या राहतात.

तुझी मावशी,
रुखमिणी


आसगाव
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सचिनचा फोन आला.

त्याची शाळा त्याला कायम करायला तयार आहे, पण संस्थेला मोठी रक्कम द्यावी लागेल. गेली आठ वर्षं तो अर्ध्या पगारावर शिकवतोय. पुंडलिकराव त्यासाठी भंडाऱ्याजवळची दोन एकर जमीन विकायला निघालेत. हे सगळं त्याने सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकडं काही राह्यलं तं नाही ना तुहं?"

मी नाही म्हटलं. आतापर्यंत मी फक्त बोलले नव्हते, आता खोटं बोलले. तो बरं म्हणाला आणि लग्नाच्या बँडचं काय ते विचारायला लागला. तो सरळ मनाने विचारत होता की त्याला कोणी विचारायला लावलं होतं, हेच मला कळेना. कोणी दार वाजवलं तरी आता मी आधी खिडकीतून पाहते. अतिदक्षता विभागात सहा वर्षं काढली, तिथे माणसं जाताना पाहिली, पण अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

तुला माहीत नसेल म्हणून लिहिते, तिकडे मी एका खोलीत पाच जणींबरोबर राहायचे. तो पैसा माझ्या जेवणातून राहिलेला आहे. तो कोणाच्या तरी संस्थेच्या टेबलाखालून जावा असं मला वाटत नाही. यात मी वाईट ठरते का? पत्र आलं का ते लगेच कळव.

रुचिका


बपेरा
६ नोव्हेंबर २०२४

चि. रुचिकास आशीर्वाद.

दिवाळी झाली. रीताने अनारसे केले, ते तेलात विरघळले आणि आम्ही सगळ्यांनी चमच्याने खाल्ले. लवकर कापणीला येणारं हलकं धान घरी आलं. या वर्षी चांगलं पिकलंय, केवळरामने धान साठवायची ढोली काठोकाठ भरून तिचं तोंड शेणामातीने लिंपूनही टाकलं. आता मार्चपर्यंत उघडायचं काम नाही. मोठ्या तळ्यात पाणी भरपूर आहे.

पत्र-बित्र काही आलं नाही.

एक विचारू का? सिहोऱ्याच्या बाजारात एक माणूस सांगत होता की बाहेरच्या देशात ज्यांचं खातं असतं त्यांचं नाव दिल्लीला कळतं आणि मग घरी गाडी येते. केवळरामसुद्धा म्हणाला की तो काळा पैसाच असतो. मी घरी येऊन आधी दाराला कडी घातली. तुझं तसं काही नाही ना? रागावू नकोस. तुझ्या आईपेक्षा मला तुझी काळजी जास्त.

आता त्या पत्राचा विचार सोड आणि साड्या पाहा.

मावशी


आसगाव
१४ नोव्हेंबर २०२४

मावशी,

मस्कतहून लिझाचा, माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीचा, निरोप आला. तिने बँकेत जाऊन चौकशी केली. पत्र रजिस्टर पोस्टाने आलं आणि २६ ऑक्टोबरला बपेऱ्यात कोणीतरी सही करून घेतलं. सहीचा फोटो तिने पाठवला. र ला ती मोठी शेपटी तुझ्याशिवाय कोणी काढत नाही.

तू माझ्याशी खोटं का बोललीस, हे मी विचारत नाही. मीही सचिनशी बोललेच. पण पत्र कुठे आहे ते सांग. माझं तिथलं ओळखपत्र संपलंय. त्या पाकिटात एक फॉर्म आहे, तो सही करून पासपोर्टच्या प्रतीबरोबर ३१ डिसेंबरच्या आत पोचला नाही तर खात्याला कुलूप लागेल. दुसरा फॉर्म हवा असेल तर मी स्वतः मस्कतला त्यांच्या शाखेत जायला हवं.

आणि याहून वाईट झालंय. मी पवनीला ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते, तेवढ्यात सचिन घरी आला. लग्नाच्या नोंदणीसाठी त्याला माझं आधार कार्ड हवं होतं. बाबांना कोणता कागद कोणता ते कळेना, म्हणून त्यांनी पेटीतली कागदांची थैलीच त्याच्या हातात दिली. त्यात माझा पासपोर्ट आहे. पासपोर्टच्या कव्हरच्या आत मस्कतच्या बँकेचं कार्ड आहे, माझ्या नावाचं. सहा वर्षांत त्याहून सुरक्षित जागा मला सुचली नव्हती.

आज चौथा दिवस. सचिनचा फोन नाही. मी केला तर शाळेत परीक्षा आहे म्हणाला आणि ठेवला. आई विचारते, तोंड का उतरलं.

रुचिका


बपेरा
१९ नोव्हेंबर २०२४

रुचिका,

पत्र ढोलीत आहे. तळाला.

पोस्टमनने सही घेतली तेव्हा पाकिटावर परदेशी शिक्के होते आणि सगळं इंग्रजीत. रीता मागे उभी होती. मी पाकीट पदराखाली घेतलं, आणि ती पाण्याला गेली तशी ढोलीच्या खालच्या मुखात हात घालून आत सरकवलं. ढोली रिकामी होती. ज्या जागी मी माझं सगळं ठेवत आले, तिथेच हात गेला. संध्याकाळी बाजारातून आले ते त्या माणसाचं बोलणं ऐकून. वाटलं, राहू दे तिथेच, गाडी आली तरी कोण ढोलीत पाहणार. दुसऱ्या दिवशी केवळराम आणि गडी पोती घेऊन आले आणि वरून धान ओतायला लागले. मी तिथे उभी होते. थांबा एवढंच म्हणायचं होतं. पंधरा पोती ओतली, तोवर ते माझ्या तोंडून निघालं नाही.

का निघालं नाही तेही लिहिते. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. पाकिटाच्या बाजूला माझा एक डबा आहे.

तो माझ्या सरव्याचा डबा. लग्नात लपवून आणला, नंतर त्यात अंगणवाडीच्या मानधनातले घालत गेले. तुझ्या मावसाजींना कधी सांगितलं नाही. ते काही वाईट नव्हते, तू पाहिलेत. पण एकदा नाही सांगितलं की मग सांगायचा दिवस सापडत नाही. अकरा वर्षांपूर्वी आश्विन महिन्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तुमसरच्या डॉक्टरने सांगितलं, नागपूरला न्या. ते म्हणाले, "धान विकू, मंग जाऊ." धान अजून बांधीत उभं होतं. मी रोज सकाळी ठरवायची की आज डबा काढीन. पण ते विचारतील, बावीस वर्षं कायले लपवला? म्हणून दिवस पुढे ढकलायची. एकोणिसाव्या दिवशी ते खळं सारवून घेत होते आणि तिथेच बसले ते बसलेच.

नागपूरला नेलं असतं तर वाचले असते असं मी म्हणत नाही. पण नागपूरपर्यंत तरी गेलो असतो. पुढे नोटा बंद झाल्या तेव्हा केवळराम म्हणाला, "आई, तुह्यापाशी काही असन तं दे, बदलून आणतो." मी नाही म्हटलं. बाप गेला तेव्हा काढला नाही, तो डबा आता कोणत्या तोंडाने काढू? त्या नोटा अजून तिथेच आहेत.

ढोली उघडली की तुझं पत्र निघेल आणि माझा डबाही. म्हणून मी तुला पत्र आलं नाही असं लिहिलं. तुझी सहा वर्षं मी माझ्या डब्यासाठी बुडवायला निघाले होते. मला क्षमा मागायचीही लाज वाटते.

रुखमिणी


आसगाव
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी विहिरीच्या काठावर बसून वाचलं आणि खूप रडले. मावसाजी मला खांद्यावर बसवून तळ्यावर कमळं दाखवायला न्यायचे. तुझ्यावर रागावता येईना, आणि रागावले नाही असंही म्हणता येईना. पण तू एकटीने हे अकरा वर्षं वागवलंस याचं मला जास्त वाईट वाटलं.

परवा भंडाऱ्याला जाऊन मी एका कर सल्लागाराला भेटले. तुझ्या त्या गाडीची भीती मलाही होतीच. त्याने सगळं ऐकलं आणि सांगितलं की तिथे राहून कायद्याने कमावलेला पैसा तिथेच ठेवता येतो, त्यात गुन्हा नाही. मात्र परत आल्यावर, नियम लागू होतो त्या वर्षापासून, आयकराच्या विवरणात ते खातं दाखवावं लागतं. लपवलं तर मात्र खरंच गुन्हा. मी त्याची फी देऊन बाहेर आले, रिक्षात बसले आणि मला हसू आलं. म्हणजे सरकारला सांगायचं, आणि ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला नाही.

सचिन अजून गप्प आहे. थैली परत आलेली नाही. पुंडलिकरावांनी मात्र बाबांना फोन करून सांगितलं की पाच तारखेला भांडी घ्यायला सगळ्यांनी भंडाऱ्याला यावं. बाबा खूश आहेत. मला वाटतं तिथेच ते सगळ्यांसमोर विचारतील. आपल्याकडे लग्नं मांडवात कमी आणि दुकानात जास्त मोडतात, हे तूच सांगायचीस.

ढोली फोडायला मी तुला सांगणार नाही. खातं बंद पडलं तर पडू दे. तुझ्या घरातली शांतता जायला नको.

रुचिका


बपेरा
३० नोव्हेंबर २०२४

चि. रुचिकास आशीर्वाद.

सोबत बँकेचं पत्र आहे. एका कोपऱ्याला उंदराने चव घेतली आहे, पण फॉर्म शाबूत आहे. पाकीट केवळराम स्वतः तुमसरला जाऊन रजिस्टर करतो आहे.

बुधवारी सगळे एका तेरवीला गेले. मी गुडघ्यांचं निमित्त करून घरी राहिले. ढोलीचं खालचं मुख खुरप्याने फोडलं आणि टोपलीने धान काढायला लागले. मला वाटलं होतं, चार तासांत होईल. अर्धीही झाली नाही, तर केवळराम परत आला. त्याची आई गुडघाभर धानात उभी, अंगणात धानाची रास, आणि कोंबड्या त्यावर तुटून पडलेल्या. त्याने विचारलं, "आई, तू काय करून राहिली?"

मी त्याला सगळं सांगितलं. तुझं खातं सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय माझं सांगता येत नव्हतं. त्याबद्दल माफ कर. त्याचा बाप गेला तेव्हाचं सांगितलं. तो ऐकत होता आणि कोंबड्या हाकत होता. मग म्हणाला, "बाबाले मालूम होतं."

मी म्हटलं, काय मालूम होतं. तो म्हणाला, "डबा. मी लहान होतो तवा एकडाव मले सापडला होता. बाबा म्हणे, ठेव तिथंच. तो तुह्या आईचा सरवा हाय, तिले कधी विचारू नको."

रुचिका, मी धानातच बसले. ते एकोणीस दिवस त्यांना माहीत होतं की घरात पैसे आहेत. त्यांनी मागितले नाहीत, कारण सरवा मागायचा नसतो. आणि मी दिले नाहीत, कारण मला वाटत होतं त्यांना माहीत नाही. रोज सकाळी मी त्यांना चहा द्यायची आणि ते माझ्या तोंडाकडे पाहायचे. मला वाटायचं, दुखतंय म्हणून पाहतात. ते वाट पाहत होते.

मग केवळरामने उरलेलं धान एकट्याने उपसलं. डबा आणि पत्र काढून माझ्या मांडीवर ठेवलं. आम्ही दोघंही खूप रडलो. रीता परत आली तर तिला वाटलं, आणखी कोणीतरी गेलं.

मागे मी तुला लिहिलं होतं की सचिनला सांगू नकोस. ते माझं लिहिणं फाडून टाक. खातं तुझं आहे, तुझंच ठेव, त्यातली दमडी कोणाला देऊ नकोस. पण आहे म्हणून सांग. आणि तो गप्प आहे म्हणजे त्याला माहीत नाही, असं समजू नकोस.

मावशी


आसगाव
६ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

काल भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांच्या दुकानात होतो. सगळे होते. आई आणि सचिनची आई गोदावरीबाई परातीवर बोटं वाजवून पाहत होत्या, बाबा आणि पुंडलिकराव भाव करत होते. तुझं पत्र पर्समध्ये होतं.

दुकानाच्या मागच्या बाजूला भांड्यांवर नाव टाकणारा मशीन घेऊन बसला होता. पाण्याच्या पितळी गुंडावर माझं नाव टाकायचं होतं, म्हणून सचिन आणि मी तिथे उभे राहिलो. सचिनने कागदांची थैली माझ्या हातात दिली. मी तिथेच पासपोर्टचं कव्हर उघडलं. कार्ड होतं, पण उलटं होतं. मी नेहमी नाव आतल्या बाजूला ठेवते.

मशीन घरघरत होतं, बाकी कोणाला ऐकू जाणार नव्हतं. मी सांगितलं. सगळं, एका दमात, किती आहेत तेसुद्धा. फोनवर खोटं बोलले होते तेही. तो गुंडावर उमटणाऱ्या अक्षरांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मले मालूम हाय. तीन हप्ते झाले."

मी विचारलं, मग विचारलं का नाही. तो म्हणाला, "भेव लागे. मले वाटलं तू वापस जाऊन राहिली. जो वापस जाते त्याचंच तिकडं खातं राह्यते. विचारलं असतं अन् तू हो म्हटली असती तं?"

तीन आठवडे मी त्याच्या गप्प राहण्याला भीत होते आणि तो माझ्या. मी नोकरीचं विचारलं, संस्थेला द्यायचे पैसे. त्याने पुंडलिकरावांकडे एकदा वळून पाहिलं. मग मशीन थांबायच्या आधी घाईघाईने बोलला, "बाबाले सांगू नको. त्यायनं मागितले तं मले नाही म्हणता येणार नाही. मी तेवढा धीट नाही. तुले आताच सांगून ठेवतो."

मावशी, मला वाटलं होतं की सांगितलं की भीती जाईल. ती गेली नाही. जमीन विकली जाईल की नाही माहीत नाही, पुंडलिकराव कधी तरी ऐकतीलच, आणि त्या दिवशी सचिन माझ्या बाजूला उभा राहील याची त्यानेच हमी दिलेली नाही. पण तो खोटं बोलला नाही. भिणारे आता दोघं झालो एवढंच.

मी त्याला म्हटलं, खातं माझ्या नावावरच राहील, कोणाच्या नोकरीला त्यातलं काही जाणार नाही. तो हो म्हणाला. मग मी म्हटलं, "फक्त एक लक्षात ठेवा. तुमच्या छातीत कधी दुखलं, तर धान विकायची वाट पाहू नका. मले मागा." तो बावचळून पाहत राहिला. म्हणाला, आमच्याकडे धान किती होतं. त्याला काही कळलं नाही. तुला कळेल.

फॉर्मवर सही करून पासपोर्टच्या प्रतीबरोबर कालच तिथल्या पोस्टातून पाठवला. बाबांना सांगायचं तेवढं राहिलंय, आणि तिथे माझी जीभ रेटत नाही.

रुचिका


बपेरा
९ डिसेंबर २०२४

चि. रुचिकास आशीर्वाद.

हे पत्र तुला पोचेल तेव्हा मीही मागोमाग पोचेन. केवळराम जीप ठरवतो आहे. लक्ष्मणराव भाऊजींना मी सांगते. मांडवात नाही, लग्न लागून, जेवून, पान खाऊन झाल्यावर. ते ओरडतील. मी मोठी मेहुणी आहे, ओरडू देईन. मग त्यांना त्यांच्या बायकोचे तोरडे कशाचे आहेत ते विचारीन.

डब्यातल्या नोटा काल मोकळ्या केल्या. काहींना वाळवी होती. एक ठेवली, तुझ्या मावसाजींच्या फोटोमागे.

ढोली केवळरामने पुन्हा भरली. तोंड मी स्वतः लिंपलं. आत या वेळी नुसतं धान आहे.

आता पत्र लिहीत बसू नकोस, लग्नाचं घर आहे. काही वाटलं तर फोन कर. स्पीकरवर असला तरी चालतो.

तुझी मावशी,
रुखमिणी